आप्पांची गाडी आणि विकत घेतलेलं नाव

आप्पांची गाडी धावत राहिली. ती बनवणारी कंपनी मेली.

मग त्या मेलेल्या कंपनीचं नाव लावून काही लोक आप्पांच्या दारात आले.

आप्पा आज सकाळी गेले. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले आमचे शेजारी. मोटरपंपांचं दुकान, आणि दारात एक जुनी काळी इंग्लिश कार. पेठेत तिला सगळे 'मडम' म्हणायचे.

पेठेतला नवरदेव मडममधूनच निघायचा. भाडं नाही. चाकापुढं नारळ फोडायचा, एवढंच.

त्या कंपनीची गोष्ट आप्पा घरातल्यासारखी सांगायचे. शेडमध्ये सायकली करणारी माणसं. मग मोटारी, मग शर्यती, मग राजेरजवाड्यांच्या ऑर्डरी.

"मग बुडाली कशी?" मी विचारायचो.

"भाऊबंदकी. चार कंपन्या एका दावणीला बांधल्या. रोज संप. एकाच गाडीला चार नावं लावून विकाय लागले. गिऱ्हाईक काय खुळं हाय व्हय?"

कारखाना बंद पडला, पार्ट येईनात. आप्पांनी उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर एकेक पार्ट करून घेतला. निम्मी मडम कोल्हापुरी झाली. तरी कुणी कौतुक केलं, की बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "कंपनीचा माल हाय, पावणं."

गेल्या वर्षी नातीचं, शलाकाचं लग्न ठरलं. सासर गारगोटीचं. तिला मडममधूनच पाठवायची, हा आप्पांचा हट्ट.

पण दुसरा गिअर सटकायचा. उद्यमनगरात नवा करून बसवला, तरी जमेना.

नेमकं तेव्हाच हायवेला त्याच कंपनीच्या नावाचं शोरूम निघालं. माणसं घरी आली. "सर, ओपनिंगला तुमची गाडी पाहिजे. तुम्ही आमचा हेरिटेज आहात."

"बघ, कंपनी परत आली," आप्पा मला म्हणाले.

कोट घातला, फेटा बांधला. मी शेजारी बसलो. दुसरा गिअर टाळत टाळत पोचलो.

फोटो झाले. पेढे झाले. मग आप्पांनी पिशवीतून झिजलेला मूळ गिअर काढला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "असा एक मागवून द्या. नातीचं लग्न हाय."

मॅनेजर ओशाळला. "सर, ती कंपनी कधीच बंद झाली. आम्ही फक्त तिचं नाव विकत घेतलंय."

"मग मला कशाला बोलवलंसा?"

"फोटोसाठी, सर."

आप्पांनी गिअर उचलून पिशवीत ठेवला. येताना एवढंच बोलले, "भांडायला तरी तिकडं कोण उरलंय रं?"

शलाका भाड्याच्या गाडीतून सासरी गेली. आप्पा हसून निरोप देत होते. मडमकडं बघत नव्हते.

त्यानंतर मडम कुठल्याच लग्नाला निघाली नाही. कुणी मागितली तर म्हणायचे, "तिचं काय खरं न्हाय."

आज दुपारी तालमीच्या पोरांनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो निवडला. शोरूमचा. फेटा, मडम, तोंडभर हसू.

काकूंनी, आप्पांच्या बायकोनं, मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"ह्यो नको."

"अवो काकू, किती झ्याक आलाय."

"झ्याक आलाय म्हणूनच नको. तवा त्यांना कंपनी परत आली हे खरं वाटत हुतं."

 शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. ओठ मिटलेले, कपाळाला आठी.

चौकात तोच लागलाय.

आप्पा, पेठेचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.