वहिनींच्या बाटल्या

आमच्या वहिनींइतक्या सोज्वळपणे दुसऱ्याची अब्रू घालवणारं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचं नाही. मी देऊळगाव राजातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक. मला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना सगळ्यांत वरचा आवाज माझा. तरीही गावातली निम्मी माणसं मला बघून एकमेकांना कोपरानं ढोसतात आणि उरलेली निम्मी ‘सर, तब्येतीला जपा’ म्हणतात. कारण एकच. वहिनी वाइनवर लिहितात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर मोताळ्याकडचं, त्यामुळे बोली अस्सल वऱ्हाडी. जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पापड-कुरडया करून पाहिल्या, पण त्यात मन रमेना. पुण्यात असलेल्या माझ्या पुतणीच्या ओळखीतल्या लोकांना त्यांच्या वेबसाइटसाठी वाइन आणि क्राफ्ट बिअरवर मराठीतून लिहिणारं कोणीतरी हवं होतं. पुतणीनं गमतीत आईचं नाव सुचवलं. आईनं गंमत वगैरे काही ओळखली नाही. “किण्वन मी पोरायले फळ्यावर शिकवलं. आता चाखून पायते,” असं म्हणून त्यांनी पदर खोचला, तो खोचलाच.

त्या पीत नाहीत, हे मला शपथेवर सांगावं लागतं. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, डोळे मिटून छताकडे तोंड करायचं आणि शेजारच्या घमेल्यात थुंकायचं. घमेलं कढीपत्त्याच्या बुंध्याशी रिकामं होतं. तो कढीपत्ता इतका माजलाय की गल्लीतल्या बायका त्याची फांदी मागायला येतात, आणि याला खत कुठलं घालता, असं मलाच विचारतात.

लेखन मात्र जहाल. बाटलीवर चेरीचा गंध असल्याचं छापलेलं असेल, तर वहिनी लिहिणार : ‘चेरी मी केकवर पाहिली आहे. मला हातगाडीवर उन्हात सुकलेली बोरं आठवली.’ एका महागड्या बिअरबद्दल त्यांचं मत होतं : ‘बोलते फार, सांगत काहीच नाही.’ आणि एका वाइनबद्दल तर एवढंच : ‘बाटली सुरेख आहे. फुलं ठेवता येतील.’

या सगळ्यात माझा संबंध काय? तर बाटल्या आणणं. देऊळगावात त्यांना हवं ते मिळत नाही. मिळालं असतं तरी बाईमाणूस त्या दुकानाची पायरी चढलं, तर बातमी संध्याकाळच्या आत बालाजीच्या मंदिरापर्यंत पोचली असती. म्हणून मी एसटीनं जालन्याला जायचं. “भाऊजी, जालन्याले चाल्ले का?” असा प्रश्न आला की मी जालन्याला चाललोच आहे, असं समजायचं. “वहिनी, मी कशाला जाऊ? माझं काय काम?” म्हटलं, की उत्तर यायचं, “काऊन? मास्तरायले सुटी नसते का?” दादाकडे तक्रार केली, तर तो ‘तुमचं तुम्ही दोघं पाहा’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा.

येताना पिशवीत बाटल्या, वर मेथीची जुडी. पण मेथीला आवाज झाकता येत नाही. एसटी खड्ड्यात गेली की पिशवी किणकिणायची आणि सगळी गाडी माझ्याकडे वळून बघायची. एकदा गाडीतल्या उकाड्यानं एका बिअरचं झाकण उडालं. फेस मेथीतून वर आला. शेजारी माझ्याच शाळेच्या पालक संघाचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी फक्त खिडकी उघडली.

घरी येऊन मी संतापानं हे सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, “फेस पांढरा व्हता का पिवळसर?”

हे असंच चाललं असतं. पण माझ्या मुलीला चिखलीचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, मुलीलाही पसंत. एका रविवारी मुलाचे मामा एकटेच आले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बशीकडे बघत म्हणाले, “सर, माणूस म्हणून तुमच्याबद्दल गावात चांगलंच ऐकलं. पण… रोज घेता का कधीमधी?”

वहिनींचं नाव घ्यावं तर घरातल्या मोठ्या बाईची इज्जत जाते, न घ्यावं तर पोरीचं लग्न. तेवढ्यात आतून वहिनीच आल्या. एका हातात अर्धी बाटली, दुसऱ्या हातात घमेलं.

“त्यायनं थेंब नाही घेतला आजवर. बाटल्या माह्या हायेत. मी चाखते, थुकते अन् लिहिते. हे पाहा.” आणि मामांच्या देखत त्यांनी घोट घेतला, घोळवला, थुंकला. “बदनामी त्यायची झाली, कारण मले दुकानात जायची चोरी.”

मामांनी घमेल्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, “आमची काही हरकत नाही. फक्त लग्नापर्यंत हे लिखाण बंद राहिलं तर बरं.”

“राहील,” वहिनी म्हणाल्या. त्या एवढ्या लवकर हो म्हणतील, असं मला वाटलं नव्हतं.

लग्न थाटात झालं. मुलगी सुखात आहे. मामा तर स्वतःहून विचारतात, “काय, सुरू झालं का लिखाण?” नाही झालं. वहिनी म्हणाल्या, मन लागत नाही. पुण्याहून फोन आले, ते त्यांनी उचलले नाहीत. दुपारभर पेपर वाचत बसायच्या, तोही पान न उलटता. गावात आता मला कोणी काही म्हणत नव्हतं, माझी अब्रू सुरक्षित होती. आणि मला घरात घास गोड लागेना.

परवा मी न सांगता जालन्याला गेलो. समोर दिसली ती बिअर घेतली आणि पिशवीत न लपवता हातात धरून बसस्टँडवरून घरी आलो.

“कोणी सांगतली आणाले?” वहिनी कडाडल्या. “अन् उन्हातून आणली! उन्हानं नासते, समजत नाही?”

तरी त्यांनी ग्लास काढला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “काहीच येऊन नाही राह्यलं, भाऊजी. नाकाची सवय मोडली वाटते.”

मी आजवर कधी त्या ग्लासाला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. नाक आत घातलं. “ओल्या भुईमुगाच्या शेंगा,” मी म्हणालो. “नुकत्या उपटलेल्या. मातीसकट.”

“भुईमूग? कायचा भुईमूग! बिअरीत भुईमूग कुठून येईन?” त्यांनी माझ्या हातातून ग्लास हिसकावून घेतला, त्यात नाक घातलं, आणि बराच वेळ वर काढलं नाही.