मर्लच्या दोन खुंट्या

डिंगो कुत्र्यांना मेंढरांपासून दूर ठेवणारं कुंपण सांभाळण्यात मर्ल हॅगनची चोवीस वर्षं गेली. तारेला कुठे भोक पडलंय, कुठे वाळू चढलीय हे गाडीतून बघत जायचं आणि जागच्या जागी दुरुस्त करायचं. नवऱ्यामागे तिने हे काम धरलं आणि त्याच्यापेक्षा चोख केलं. पण एकदा, एकदाच, एक भोक तिच्या नजरेतून सुटलं. अठरा मेंढ्या गेल्या आणि मुकादम रॉय टिलब्रुकने निकाल देऊन टाकला.

"साठी उलटली तुझी, मर्ल. डोळे गेले. महिनाअखेरीला गाडीची किल्ली आणून दे."

त्याच आठवड्यात, दिवस नुकताच मावळला होता, ती कुंपणाकडेला चहा उकळत बसली होती, आणि आभाळ पेटलं. हिरवट पांढरा गोळा डोक्यावरून गेला. मर्लची सावली तिच्याभोवती गर्रकन फिरली. गोळा दक्षिणेला विझला. दुसरं कोणी आ वासून बसलं असतं. नवं कुंपण घालताना रेघ धरायला दोन खुंट्या ठोकतात. मर्लने एक बसल्या जागी ठोकली, दुसरी विझल्या जागेच्या रोखाने. मग चहा प्यायली. तो कडू झाला होता.

गोळा लांब दक्षिणेला पडला असं तिने गुत्त्यात सांगितलं, तर रॉयने तिची टर उडवली. "डोळ्यांपुढे काजवे चमकले असतील तुझ्या! अगं, ते आमच्या टाकीमागे पडलं, मी स्वतः पाहिलं."

दोन दिवस अर्ध्या गावाने टाकीमागे खणलं. एक गंजकी बादली मिळाली.

मग विद्यापीठातून आभाळातून पडलेले दगड शोधणारी इंग्रिड नावाची बाई आली. आभाळावर रोखलेल्या तिच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकानेच गोळा टिपला होता, दुसऱ्यावर ढग होते. "एका रेघेवर दगड कुठेही असू शकतो," ती हताश होऊन म्हणाली. "दुसरी रेघ हवी."

"माझ्याकडे आहे की," मर्ल म्हणाली.

इंग्रिडने खुंट्यांवर होकायंत्र धरलं आणि नकाशावर रेघ ओढली. दोन्ही रेघा मिळाल्या त्या साठ किलोमीटरवरच्या मिठाच्या तळ्यावर.

कोरड्या तळ्यावर दहाजण ओळीने चालत सुटले. मजा बघायला रॉयही आला होता. दुपारी मर्ल थांबली.

"तो बघा."

"कुठे? नुसतं मीठ आहे," रॉय म्हणाला. "झालं, आता भासही सुरू झाले बाईला."

 मर्ल तीनशे पावलं नाकासमोर चालत गेली आणि उभी राहिली. तिच्या पायाशी मुठीएवढा काळाकुट्ट दगड होता. इंग्रिड धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि ढसाढसा रडली. मर्लची छाती आनंदाने भरून आली, पण ती वळली रॉयकडे.

"आता म्हण."

"काय म्हणू?"

"माझ्या डोळ्यांबद्दल. सगळ्यांसमोर."

रॉय खाली बघत पुटपुटला, "डोळे शाबूत आहेत तुझे. किल्ली ठेव तुझ्याकडेच."

"मोठ्याने. त्या टोकाच्या माणसाला ऐकू गेलं नाही."

आणि रॉय टिलब्रुकने ते पुन्हा म्हटलं, ओरडून.