आखाजीचा झोका

अंधारात नानांचे पाय चपला चाचपू लागले की समजायचं, पिच्चर खोटा निघाला. थिएटरात ते चपला काढून खुर्चीवर मांडी घालायचे, पंगतीला बसल्यासारखे. दहा-पंधरा मिनिटांत पाय खाली. मग माझ्या कानाशी थकलेला आवाज, "बठ्ठं खोटं शे, भाऊ. सगळंच खोटं."

पण उठायचे नाहीत. शेवटची पाटी येईपर्यंत बसणार आणि मलाही बसवणार.

धुळ्यात कापूस खरेदीच्या कचेरीत आम्ही दोघे कारकून, टेबलाला टेबल लागून. मी जळगावचा, नाना शिरपूरकडच्या एका खेड्यातले. खोली धुळ्यात, बायको आणि शेती गावी. खेड्यावरचा पिच्चर लागला की शुक्रवारी त्यांनी माझी मान पकडलीच. तुम्हीही पाहिलेत ते पिच्चर, मी काय वेगळं सांगू? पाटील मिशीवर ताव देणार, पोरी उगाच नाचणार, नांगर धरणाऱ्याच्या धोतराला मातीचा डाग नाही. "त्या बाईचा हंडा रिकामा शे," नाना कुजबुजायचे. "भरल्या हंड्याखाली मान अशी वळते का?" कापूस वेचणारीच्या कमरेला ओटीच बांधलेली नसायची. नाना विचारायचे, "वेचलेला कापूस ही ठेवते कुठं?"

एकदा बाहेर चहा पिताना मी वैतागलो. "नाना, एवढं पटत नाही तर येता कशाला? आणि मला का छळता?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या गावात शूटिंगवाले आले होते. आखाजीला सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. नानांची एकुलती एक मुलगीही लग्नानंतर पहिल्यांदाच आलेली. दिवसभर त्या लोकांनी झोक्यांसमोर कॅमेरा लावला. गावानं त्यांना खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस वाढला. पिच्चरचं नाव मात्र कुणी विचारलं नाही. आमच्या खान्देशात पान वाढण्याआधी पाहुण्याकडे चौकशा करत नाहीत, आणि जेवून उठल्यावर विचारायची लाज वाटते. त्याच पावसाळ्यात पोर काविळीनं गेली. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला. त्यात मान खाली आणि चेहऱ्यावर मुंडावळ्या.

"माले एकदा ती हासताना दिसली पाहिजे, बस," नाना म्हणाले.

म्हणून हा माणूस प्रत्येक भिकार पिच्चर शेवटपर्यंत बघत होता. त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

तो पिच्चर अखेर लागला. गावचा लिंब पडद्यावर आला तसा नानांनी माझा हात गच्च धरला. लिंब खरा होता, मागची विहीर खरी होती. झोक्याला मात्र कागदाची फुलं, झोक्यावर ओठ रंगवलेल्या मुंबईच्या पोरी, आणि गाणं भलत्याच मुलखाचं. गावची एकही पोर त्यांनी ठेवली नव्हती. मेल्यांनो, पोटभर जेवून गेलात की रे. मला फार राग आला.

दिवे लागले तरी नाना पडद्याकडेच बघत होते. "माझी पापणी लवली असंल," ते म्हणाले. "तुम्ही पाहिली का, भाऊ?"

मी त्या मुलीला जन्मात पाहिलं नव्हतं. काय सांगणार त्या माणसाला? म्हटलं, "पाहिली. मागच्या बाजूला उभी होती. हासत होती."

नानांनी वाकून चपला घातल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

रविवारी दुपारी मी थिएटरवरून चाललो होतो. खेळ नुकताच सुटला होता आणि गर्दीतून नाना बाहेर येत होते. सोबत त्यांची बायको, अक्का. खास हा पिच्चर दाखवायला त्यांनी तिला गावाहून आणलं होतं. मी नजर चुकवून सटकणार, तेवढ्यात नानांनी हाक मारली आणि बायकोला सांगितलं, हेच ते भाऊ, यांनी पाहिली.

अक्कांचे डोळे रडून लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नाना खाली जमिनीकडे बघत, त्या काय म्हणतात याची वाट बघत उभे होते.

"दिखनी, भाऊ," अक्का म्हणाल्या. "मालेबी दिखनी आमनी पोर."