बिनकार्बनची पानं

माझे वडील सावळेराम, त्यांना आम्ही नाना म्हणतो. जुन्नरला कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. घडीचं टेबल, पत्र्याची पेटी, मराठी टायपिंगचं काळं जड मशीन आणि कार्बन पेपरचा डबा, एवढं त्यांचं दुकान. कार्बनच्या बाबतीत ते फार कडक होते. समोरचा माणूस घाईत असो की एकच प्रत पुरे म्हणत असो, दोन कागदांच्या मधे कार्बन घातल्याशिवाय नाना मशीनला बोट लावत नसत. वरचा कागद सरकारात जातो आणि सरकारात गेलेला कागद हरवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकतीस वर्षांत ते बदलावं असं काही त्यांच्या पाहण्यात आलं नाही.

त्यांची दुसरी सवय आम्हाला फार उशिरा कळली. समोरचा सांगतो ते नाना डोक्यात जाऊच देत नसत. बांधावरून डोकी फोडणारे भाऊ, नांदायला न जाणाऱ्या पोरी, वारस म्हणून नाव लागावं म्हणून खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं कानातून बोटांत आणि बोटांतून कागदावर. संध्याकाळी आई विचारायची, आज काय भानगड आली होती? नानांना खरंच सांगता यायचं नाही. आईला वाटायचं, मुद्दाम लपवतात. ते म्हणायचे, सगळ्यांचं ध्यानात ठेवलं असतं तर मी कवाच येडा झालो असतो.

पुढे कचेरीसमोर संगणकवाले बसायला लागले आणि नानांकडे येणारी माणसं कमी झाली. दोन हजार एक साली त्यांनी टेबल मोडीत काढलं, मशीन कॉटखाली ढकललं. त्याच वर्षी पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भावानं, प्रबुद्धनं, त्याच्या कंपनीतला एक जुना संगणक घरी आणला. विंडोज अठ्ठ्याण्णववर चालणारा. बाजारपेठेतल्या छापखान्याचे वजीरभाई नानांचे जुने मित्र. त्यांनी येऊन त्यात मराठी टायपिंग घालून दिलं, चाव्या थेट नानांच्या मशीनप्रमाणे. नाना चाव्यांवर बोटं आपटत बसले की शेजारच्या घरात आवाज जायचा.

त्यांना टाइप करायला काम दिलं ते आत्यानं.

प्रयागबाई ही नानांची थोरली बहीण, मढला राहायची. आजी लवकर गेली, तेव्हा नानांना हिनंच वाढवलं. माळशेजकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडून तिनं त्यांना जुन्नरला टायपिंगच्या क्लासला घातलं. स्वतःला अक्षरओळख नव्हती. नाना तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढे आवाज चढवत नसत. धम्म घेतला त्या साली ती तेरा-चौदा वर्षांची होती. घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं आणि मग गावानं काय काय बंद केलं, एवढं आमच्या समाजात कुणालाही ठाऊक असतं. आत्याकडे त्यापलीकडचं होतं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आता तिला ते कागदावर यायला हवं होतं.

दर रविवारी बाजाराच्या एस्टीनं ती यायची. नानांच्या शेजारी लोखंडी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. पहिल्याच दिवशी नानांनी सवयीप्रमाणे सुरुवात केली आणि तिला वाचून दाखवली. मी, प्रयागबाई, वय अंदाजे साठ वर्षे, धंदा शेती व मजुरी, असं बरंच काही. आत्या तोंडाला पदर लावून हसली.

"मी काय कोर्टात उभी हाय का रं? मी बोलते तसं लिव."

नानांनी ती ओळ काढून टाकली. मग जवळजवळ दोन वर्षं आत्या बोलत गेली आणि नाना तिच्याच भाषेत टाइप करत गेले. एकोणीस फायली झाल्या. तिची अट एकच होती. आपल्या हयातीत हे कुणाला दाखवायचं नाही, छापायचं नाही. त्यात माणसांची नावं होती, आणि त्यातली काही अजून बाजारात भेटत होती. आपण गेलो की येणाऱ्या बुद्धपौर्णिमेला मढच्या विहारात सगळं वाचून दाखवायचं. नानांनी तसा शब्द दिला.

त्या दोन वर्षांत मी काय करत होते, तेही सांगते. मी जुन्नरच्या एका संगणक क्लासमध्ये शिकवत होते आणि रविवार ही माझी हक्काची सुट्टी होती. मी त्या दोघांना चहा नेऊन द्यायचे, आणि नानांच्या खटखटीपायी मालिकेतलं ऐकू येत नाही म्हणून आतल्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दोन हजार चारच्या जानेवारीत आत्या गेली. तापाचं निमित्त झालं. पौर्णिमा मे महिन्यात होती. नानांना विहारात स्वच्छ छापलेली पानं हवी होती, म्हणून प्रबुद्धनं नवा प्रिंटर पाठवला. तो आमच्या अठ्ठ्याण्णववर चालेचना. त्याला एक्सपी पाहिजे होतं. प्रबुद्धनं त्याचीही सीडी पाठवली आणि फोनवर म्हणाला की स्वप्ना करेल, ती तर पोरांना शिकवतेच.

शिकवत होतेच मी. स्वतःबद्दल माझं मत तेव्हा फार चांगलं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी कामाला बसले. जुनं सगळं पुसायचं, म्हणजे फॉरमॅट करायचं आणि कोरं एक्सपी घालायचं, असा बेत होता. नाना मागे उभे होते.

"कार्बन काढला का?"

मला हसू आलं. म्हटलं, "दोन काढलेत, नाना." आणि खरोखरच दोन फ्लॉप्या भरून ठेवल्या होत्या. पडद्यावर ओळीनं मांडलेल्या आत्याच्या एकोणीस फायली एकीत ओढून टाकल्या, मग तशाच दुसरीत. इतक्या झटपट गेल्या की मला कौतुकच वाटलं. वर मी फ्लॉपीवरून एक फाईल उघडूनही पाहिली. व्यवस्थित उघडली, आत्याचं बोलणं समोर आलं. मी निष्काळजी होते असं कुणी म्हणू नये. मी तपासलं होतं.

दुपारपर्यंत एक्सपी चढलं. हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असलेलं चित्र पडद्यावर आलं, तेव्हा नाना खूश झाले. श्रावणातल्या मढसारखं दिसतंय म्हणाले. मग मी पहिली फ्लॉपी घातली आणि पहिल्या फाईलवर टिचकी मारली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. तिच्यात एक विजेरी इकडून तिकडे फिरत काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ फिरली. मग सापडत नाही म्हणून निरोप आला. दुसरी फाईल, तेच. दुसरी फ्लॉपी, तेच. नाना शांतपणे म्हणाले, जुनं मशीन आहे, दमानं शोधू दे त्याला.

मराठी टायपिंग पुन्हा घालायला वजीरभाई संध्याकाळी येणारच होते. त्यांनी फ्लॉपी पाहिली, फायलींचा आकार पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"बेटा, ह्या फायली न्हाईत, फायलींचे पत्ते हायेत. घर पाडल्यावर पत्त्याचं काय करायचं?"

तेव्हा मला आठवलं. नानांना माउसनं एकात एक असलेले फोल्डर उघडता येईनात, म्हणून प्रत्येक नव्या फाईलचा शॉर्टकट मीच त्यांना पडद्यावर करून देत होते. कोपऱ्यात बारीक बाण असलेली चित्रं. खऱ्या फायली वजीरभाईंनी घातलेल्या फोल्डरमध्ये कुठंतरी खोल होत्या. मी दोनदा नेऊन ठेवले ते नुसते बाण. सकाळी फ्लॉपीवरून उघडली असं जे मला वाटलं, ती जुन्या जागेवरचीच फाईल होती, आणि पाच मिनिटांनी ती मीच पुसली. क्लासमध्ये हा फरक मी पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. शॉर्टकट म्हणजे फाईल नव्हे, असं फळ्यावर लिहून.

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी वजीरभाईंना चहा पिऊन जायला सांगितलं आणि बाहेर जाऊन शेवग्याला पाणी घातलं. भरलेल्या आळ्यात ते बराच वेळ पाणी ओतत राहिले.

प्रबुद्ध येऊन आतली डिस्क पुण्याला घेऊन गेला. पुसलेलं परत काढून देणारी माणसं तिथं असतात म्हणे. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. क्लासला जायचे, पोरांना शिकवायचे, आणि फळ्याकडे वळलं की रडू यायचं. नाना रोज एकदा विचारायचे, प्रबुद्धचा फोन आला का? मी नाही म्हणायचे. आठव्या दिवशी फोन आला. जुन्यातलं जेमतेम अर्धं पान हाती लागलं होतं, तेही बेल्ह्याच्या कुणा माणसाच्या विहिरीच्या हिश्श्याचं प्रतिज्ञापत्र. नानांनी कधीतरी हात बसावा म्हणून टाइप केलेलं. आत्याचा एक शब्दही नाही.

मी नानांना म्हटलं, तुम्ही स्वतः टाइप केलंय, दोन वर्षं तिच्या शेजारी बसलात, जमेल तेवढं आठवून पुन्हा लिहू. दुसऱ्या दिवसापासून ते वही घेऊन ओट्यावर बसायला लागले. मी जाता-येता पाहायचे. वही कोरीच असायची.

पौर्णिमेला आम्ही मढला गेलो. नको म्हणत होते मी, पण नाना ऐकेनात. विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, प्रयागबाईंचे मनोगत, वाचन सावळेराम. वंदना झाली, खीर वाटायची ती वाचनानंतर असं ठरलं आणि नाना रिकाम्या हातानं उभे राहिले. अक्कानं विश्वासानं सांगितलेलं माझ्या हातून पुसलं गेलं, एवढंच ते म्हणाले. माझ्या हातून, असं. मी बायकांत बसले होते. उठून खरं सांगावं असं मनात आलं, पण पाय उचलले नाहीत, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे चिमाबाई बसल्या होत्या. आत्याबरोबर खडी फोडलेल्या, तिच्याच वयाच्या.

"कागद गेला तर जाऊ दे," त्या म्हणाल्या. "लिवलं तूच न्हवं? मग तोंडानं सांग की."

नाना म्हणाले,

"मी लिवलं, चिमाबाई. ऐकलं न्हाई."

लोकांना ते पटलं नाही. कुणाला वाटलं, नाना कुणाला तरी घाबरले. मागून एक जण तसं बोललाही. मला मात्र आमची गेलेली आई आठवली, संध्याकाळी रोज विचारणारी, आणि न सांगता येणारे नाना. जगाच्या भानगडी अंगाला लागू नयेत म्हणून त्यांनी जी सवय लावून घेतली होती, तिनं बहिणीलाही बाहेरच ठेवलं होतं. चिमाबाईंनाच कुणीतरी म्हणालं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, तिचं तिला ठावं, माझ्याशी ती कदी त्यातलं बोलली न्हाई. मग खीर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी कॉटखालचं मशीन बाहेर ओढलं. फडक्यानं पुसलं, चाव्यांना तेल सोडलं. दोन कोरे कागद घेतले, मधे कार्बन घातला, कडा जुळवून ते मशीनमध्ये चढवले आणि मला हाक मारली. मी स्टूल घेऊन शेजारी बसले. बोटं चाव्यांवर पडली आणि न अडखळता चालायला लागली. मी वाकून वाचलं.

'मी, प्रयागबाई, वय अंदाजे साठ वर्षे, धंदा शेती व मजुरी, राहणार मढ, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की'

आत्यानं हसून काढायला लावलेली ती ओळ. तिचं सगळं बोलणं गेलं आणि नानांचं तेवढं राहिलं होतं. त्यापुढे बोटं थांबली. ती चाव्यांवर तशीच ठेवून, कागदावरची नजर न काढता, नाना मला म्हणाले,

"सांग."

मी आठवून पाहिलं. आत्याच्या हातातली कपबशी आठवली, खुर्चीवर वर घेतलेले तिचे पाय आठवले. मालिकेतली सासू आठवली, तिच्या सुनेचं नाव आठवलं, कुठल्या रविवारी कोण घर सोडून गेलं तेही आठवलं. दाराआडून येणारा आत्याचा आवाज चढलेला, उतरलेला, मधेच थांबलेला आठवला. त्यात शब्द नव्हते.

"नाना, मला काही ऐकू आलं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग कागद काढले, वरचा माझ्या हातात दिला आणि कार्बनची प्रत घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली.