ओल्या गाठी

गुन्हा माझा होता, आणि तो मी साबणाने हात स्वच्छ धुऊन केला, हे आधीच कबूल करून टाकतो.

चार दिवसांच्या सुटीवर मावशीकडे गेलो होतो. दिवसभर ऑफिसात कागदांना टाचण्या मारणारा, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला माणूस रिकामा बसला की त्याला उपकार करण्याची हुक्की येते. मावशी बोटं दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. टेबलावर तिचं काम अर्धवट पडलं होतं. तिच्या दिराची होडी चार वाजता सुटायची होती आणि तिच्यासाठी तीनशे गळ हातहात लांबीच्या नायलॉनच्या दोऱ्यांना बांधायचे होते. दोनशे साठ झाले होते. उरलेले चाळीस मी बांधले. फेरे मोजले, टोकं कापली, सगळं तिच्यासारखं केलं. एकच गोष्ट गाळली. गाठ आवळण्याआधी मावशी ती तोंडात धरून ओली करते. कुठून कुठून आलेला लोखंडी गळ, आणि तो तोंडात! मी कोरड्याच आवळल्या, दातओठ खाऊन. मग माझे चाळीस तिच्या जुडीत असे बेमालूम मिसळले की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मावशी आली. चपला काढता काढताच तिने जुडीकडे पाहिलं.

"यातले तू किती बांधलेस?"

"चाळीस. ओळख बघू कुठले?"

"ओल्या केल्यास ना?"

मी तळहात पुढे केले. "हात धुऊन बसलो होतो, मावशी."

मावशी खुर्चीत बसली असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे ती खुर्चीत पडली.

कोरडं नायलॉन आवळताना स्वतःवरच घासतं, तापतं आणि करपतं. वरून गाठ नव्या नवरीसारखी दिसते, पण मासा पहिला हिसका देतो आणि गळासकट निघून जातो. हे मला त्या दिवशी कळलं. मावशीला ते एकोणिसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे गळांचा डबा ठेवला. ज्याला डोळा असतो, म्हणजे दोरी ओवायला भोक असतं, तो डोळस. ज्याला भोक नसून नुसतं चपटं डोकं असतं, तो आंधळा. डोळसात दोरी ओवायची, तिच्यावरच पाच फेरे घ्यायचे आणि टोक मागे आणायचं. आंधळ्याला मात्र दांड्यावरून सात फेरे गुंडाळत न्यायचे, आणि दोरी आतल्या अंगाने काढायची, नाहीतर गळ तिरका लागतो. "डोळसाला वाट दाखवली की पुरे, आंधळ्याचा हात धरावा लागतो," असं सासू म्हणायची. सासू गेली, नवरा गेला, मुलगा दुकानात नोकरीला लागला, पण डबा काही हलला नाही. धक्क्यावर लोक एकमेकांच्या बायकोवर विश्वास ठेवणार नाहीत, पण मावशीची गाठ कुणी ओढून बघत नाही, असं म्हणतात. तिची सगळी कमाई म्हणजे हे एवढं वाक्य.

आणि त्या वाक्यात मी चाळीस भोकं पाडली होती.

"तू हात फिरवलास की कळेल ना?" मी विचारलं. पूर्वी ती डोळे मिटून गाठ चाचपायची आणि करपलेली बरोब्बर बाजूला काढायची. तो खेळ मी लहानपणी पाहिला होता.

तिने एक गाठ अंगठ्याखाली धरली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीवर ती नको तितकी थांबत होती. शेवटी तिने हात मांडीवर ठेवले.

"काही लागत नाही रे हाताला. मोजे घातल्यासारखं झालंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कमी काम करा म्हणाले." ती उठली. "चल, ओढ. ओढायला अक्कल लागत नाही."

दाराच्या चौकटीत एक जाड खिळा होता. गळ त्यात अडकवायचा, दोरी हाताला गुंडाळायची आणि माशाने द्यावा तसा हिसका द्यायचा. शंभर झाले तेव्हा माझ्या तळहाताला वळ उठले. दीडशेला मी पाणी मागितलं. मावशी स्वयंपाकघरातून चिंधी घेऊन आली, स्वतःच्या हाताला गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता ओढत राहिली. तुटली की फक्त "तुझी" म्हणायची. साडेतीनपर्यंत पस्तीस तुटल्या. तेवढे गळ तिने पुन्हा बांधले, तोंडात ओले करून. एकेका गाठीला दोनदोनदा प्रयत्न करावा लागत होता, आणि मी ते बघत नाही असं दाखवत होतो.

"आणखी पाच राहिल्या, मावशी."

"असतील यातच. एका हिसक्यात न तुटलेल्या दुसऱ्यात तुटतील." तिने खिळ्याकडे पाहिलं. पुन्हा तीनशे ओढायची ताकद दोघांतही नव्हती.

चारला दीर आला. डोक्याला टॉवेल, हातात बादली, गडी घाईत. त्याने जुडी खांद्यावर टाकली.

"भाऊजी," मावशी म्हणाली, आणि थांबली. हे वाक्य तिला आजवर कधी बोलावं लागलं नव्हतं. "आज ओढून बघा. मगच पाण्यात टाका."

"बघतोच की, वहिनी," तो सहज म्हणाला.

मावशीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने बादली उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

"कधीपासून?" मावशीने विचारलं.

"झाली दोन वर्षं. एखादीच सुटते हो. फार नाही."

"सांगितलं नाहीत ते."

"काय सांगायचं त्यात?" तो चपलांकडे बघत म्हणाला. "तुम्ही बांधता, आम्ही ओढतो. तेवढंच हाताला काम."

तो गेला. मावशी रागावली नाही, रडलीही नाही. हाताची चिंधी तिने हळूहळू सोडली, घडी केली आणि गळांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पाठ टेकून ती डोळे मिटून बसली. इतकं दमलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांचं ओझं तिने आत्ता एकदम उतरवलं, की एकदम उचललं, ते मला कळेना.

शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "मावशी, मग पुढच्या खेपेला गळ कोण बांधणार?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "तू सोडून कोणीही."