तापल्यावरचा रकाना

आमच्या बाबांना कारखान्यात सगळे 'मीटर' म्हणायचे. विजेच्या भट्ट्यांतल्या तारा आणि त्यांना आधार देणाऱ्या चिनी मातीच्या नळ्या तपासणं हे त्यांचं काम. घरीही तेच पुराण. "तार तापली की विजेला जास्त अडवते. नळीचं उलटं. गार असताना टिपूसभर वीज सोडणार नाही, लालबुंद झाली की फितूर!" जेवताना हे ऐकून माझे कान किटले होते. शेजारीच राहणारे काका-काकू मात्र कौतुकाने ऐकायचे. काका त्याच कारखान्यात भट्टीवर होता.

नळी विजेला किती अडवते, याचे तपासणीच्या कागदावर दोन रकाने असत: गार आणि तापल्यावर. तापल्यावरचा आकडा फार खाली आला तर नळी बाद. भट्टी तापायला अर्धा दिवस जाई, म्हणून सगळेच गारचा आकडा दुसऱ्या रकान्यात उतरवून मोकळे होत. बाबाही. जगाला शिकवणारा माणूस! माझा हा राग अजून गेलेला नाही.

एका दुपारी काकाने धगधगत्या भट्टीत लोखंडी सळई घालून अडकलेला ट्रे सरकवला. सळई नळीला टेकली आणि विजेच्या धक्क्याने काका जागच्या जागी गेला. त्या नळीच्या कागदावर बाबांची सही होती.

चौकशीत खापर जुन्या वायरवर फुटलं. बाबा गप्प राहिले. मला एकदा त्यांनी सगळं सांगितलं, पण काकूला सांगायचा धीर होईना. ठरवून तिच्या घरी जात आणि नळाचा वॉशर बदलून परत येत. मला त्यांची कीव यायची, संतापही यायचा.

सहा वर्षांनी एका सकाळी काकू विजेची शेगडी घेऊन आली. "भाऊजी, शॉक देतेय ही."

बाबांनी मीटर लावला. "ठीक आहे की."

"तापवून बघा," काकू म्हणाली. "तेव्हा नव्हतं ना बघितलंत?"

बाबांच्या हातातला मीटर खाली आला. "तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांच्या खिशात त्या कागदाची प्रत होती. दादाची सही आहे म्हणून निर्धास्त होते. दोन्ही रकान्यांत एकच आकडा. तसं होऊच शकत नाही, हे तुम्हीच जेवताना शिकवलंत ना?" "तुम्ही येऊन सांगाल म्हणून सहा वर्षं वाट बघितली. तुम्ही वॉशरच बदलत राहिलात."

बाबा ओक्साबोक्शी रडायला लागले. काकूने त्यांना गप्प केलं नाही.