दोऱ्याने बांधलेली गड्डी

गुन्हा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष मानावा, हे तत्त्व साऱ्या जगात मान्य असले तरी जबलपूरच्या गढा भागातील एका घरात रविवारी दुपारी पत्ते वाटले जाताच ते स्थगित होते. आणि ते स्थगित करण्याचा सर्वाधिकार माझ्या मैत्रिणीच्या आत्यांकडे आहे. एरवी या आत्या इतक्या भाबड्या, की भाजीवाल्याने ‘दीदी, पालक एकदम ताजा है’ म्हटले की मान टाकलेली जुडीही कौतुकाने पिशवीत घालतील. हातात तेरा पाने आली की मात्र त्यांना घरातील माणसे, भिंतीवरची पाल आणि गल्लीतला फेरीवाला हे सारे एकाच कटात सामील झालेले दिसू लागतात.

आमचा खेळ मेंढीकोट. चार भिडू, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या. या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात. जास्त मेंढ्या पकडणारी जोडी जिंकते आणि एकाच जोडीने चारही पकडल्या, तर दुसरीवर कोट चढतो. मी आणि मैत्रीण एका बाजूला. आत्या आणि शेजारचे वकीलसाहेब दुसऱ्या बाजूला. वकीलसाहेब हायकोर्टात कितपत बोलतात याची मला कल्पना नाही, पण सतरंजीवर ते हरलेल्या हाताविरुद्धही अपील करतात. त्यांचा सर्वांत मोठा दुर्गुण, आत्यांच्या मते, हा की ते पत्ता टाकण्यापूर्वी चष्मा पुसतात. ‘भैया, चष्मा काहून पुसून राहिले? मले इशारा द्यायची गरज नाही. मी बेइमानीनं जिंकणार नाही,’ असे त्या आपल्याच जोडीदाराला सुनावत, आणि वकीलसाहेब ‘दीदी, धूल थी’ असे म्हणून उरलेला डाव धुळीतून पाहत.

इशाऱ्यांविषयीची आत्यांची संहिता काळानुरूप विस्तारत गेली. खोकणे, केस मागे घेणे आणि कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजणे यांना आरंभापासूनच बंदी होती. पुढे चटणीची स्तुती वर्ज्य झाली, कारण मैत्रिणीने ‘चटणी छान झालीय गं’ म्हटल्यावर मी किल्वर टाकले आणि आत्यांना त्यात कार्यकारणसंबंध दिसला. खव्याची जिलबी चमच्याने खावी लागे, कारण चिकट बोट लागलेला पत्ता पुढच्या डावात ओळखू येतो. मे महिन्यात तर कूलरच आरोपी ठरला. त्याच्या वाऱ्याने एकदा वकीलसाहेबांचा राजा हातातून उडून उघडा पडला, तेव्हापासून डाव चालू असेपर्यंत कूलर बंद. जबलपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून मेंढीकोट खेळणे म्हणजे काय, हे सांगून समजण्यासारखे नाही. वकीलसाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत असे आणि आत्या त्या ओघळांकडेही संशयाने पाहत.

त्यांच्या निदानपद्धतीचा मी काही काळ गांभीर्याने अभ्यास केला. एकदा मी पाणी मागितले. आत्या म्हणाल्या, ‘पाणी काहून पाहिजे? इस्पिकची राणी तुझ्याकडं आहे ना?’ राणी माझ्याकडे होती. पुढच्या डावात मी मुद्दाम राणी नसताना पाणी मागितले. आत्यांनी पुन्हा तोच आरोप केला. तिसऱ्या डावात मी तहान दाबून बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आज पाणी नाही मागून राहिली. म्हणजे राणी लपवली.’ जो सिद्धान्त कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरत नाही, त्याच्या वाट्याला जाऊ नये, हे मला शिकवले गेले आहे. मी अभ्यास थांबवला आणि पाणी घरूनच पिऊन येऊ लागले.

या घरात आणखी एक नियम होता, तोही आत्यांचाच. ज्या जोडीवर कोट चढेल, तिने गड्डी लाल दोऱ्याने बांधायची, आणि ज्यांनी तो चढवला त्यांच्याच समोर ती पुन्हा सोडायची. तोवर त्या गड्डीने दुसऱ्या कोणाशी खेळायचे नाही. आमचा रविवार कधी चुकत नसल्यामुळे हा दोरा आठवड्यापेक्षा जास्त टिकला नव्हता.

मग माझी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत निवड झाली. माझ्या महत्त्वाकांक्षेचे हे पहिलेच ठोस फळ होते आणि मी ते सतरंजीवर, पत्ते वाटता वाटता जाहीर केले. मैत्रिणीने मिठी मारली, वकीलसाहेब ‘बधाई हो बेटा’ म्हणाले. आत्या हातातली पाने लावत राहिल्या.

‘तिकडं रविवारी सुट्टी असते ना?’ त्यांनी विचारले.

‘असते, आत्या. पण दर रविवारी कशी येणार?’

‘अच्छा.’ मग सगळी पाने लावून झाल्यावर, ‘अन् चौथं कोण?’

तीन भिडूंचेही खेळ असतात, असे मी सुचवले. ‘तीन पायांची खाट असते का?’ असे म्हणून आत्यांनी तो विषय संपवला. मोबाइलवरून चौघांना खेळता येते, असे सांगताच त्या म्हणाल्या, ‘मोबाइलमंदी तुझी नजर कशी दिसंल मले? कोणावर शक करू?’

त्यानंतर चौथ्या भिडूच्या मुलाखती सुरू झाल्या. सिहोऱ्याहून आलेली भाची हातातली पाने पंख्यासारखी धरून सर्वांना वारा घालत बसली. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी उत्तम खेळत, पण आत्यांनी आरोप केल्यावर खरोखरच रागावल्या. पलीकडच्या गल्लीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ अजिबात रागावले नाहीत, न खोकता, न हसता, संपूर्ण दुपार सरळ बसून राहिले. ‘खुणा करून नाही राहिला,’ आत्या कष्टी स्वरात म्हणाल्या, ‘मन लागत नाही अशानं.’ तरी दुसरे कोणी नव्हते. मी गेल्यानंतरच्या रविवारी त्यांनाच बोलवायचे ठरले.

माझ्या शेवटच्या रविवारी शेवटचा डाव रंगला तेव्हा तीन मेंढ्या आमच्याकडे आल्या होत्या. चौथी, बदामाची, आत्यांकडे असावी असा माझा हिशेब होता. मैत्रिणीने बदामाचा एक्का टाकला. आणि जी बाई आपली मेंढी डोळ्यांत तेल घालून राखते, तिने शांतपणे त्या एक्क्याखाली बदामाची दश्शी ठेवली.

‘दीदी, छोटा बदाम नहीं था क्या?’ वकीलसाहेब कळवळले.

‘भैया, खेळा.’

पुढच्याच हाताला पुन्हा बदाम निघाला आणि आत्यांनी बदामाची दुर्री टाकली. आम्ही तिघांनीही ती पाहिली. वकीलसाहेबांनी तोंड उघडले, आत्यांकडे पाहिले आणि अपील न करताच मिटले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि आत्या त्यांना काहीही बोलल्या नाहीत.

डाव संपताच त्यांनी पाने गोळा करून लाल दोऱ्याने आवळून बांधली. ‘कोट बसला माझ्यावर. आता या दोघी समोर असतील तवाच सुटंल गड्डी.’

‘आत्या, मग रविवारी ते येणारेत त्यांचं काय?’ मैत्रिणीने विचारले.

‘त्यांना सांग, गड्डी बांधली आहे. चलो, चहा ठेवते.’

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला ठाऊक आहे. वय झाले, नजर चुकली, असेही एखादा म्हणेल. मैत्रीण सांगते, की वकीलसाहेब अजूनही दर रविवारी येतात, फ्रिजवरच्या गड्डीकडे पाहत चहा पितात आणि जातात. कूलर आता दुपारभर चालू असतो, तरी कोणाला त्याचे सुख वाटत नाही. मी दिवाळीचे तिकीट काढले आहे, हे सांगायला परवा फोन केला, तर आत्यांनी आधी विचारले, की मी मध्येच पाणी काहून पिऊन राहिले. मग म्हणाल्या, ‘घाई नको करू, पोरी. काम पाह्य तुझं.’ आणि फोन ठेवता ठेवता, जणू कोणा तिसऱ्याविषयी बोलावे तशा, ‘फक्त दोरा काचून राहिला गड्डीले.’